मुलीचं नाव ठेवताना: कागदाच्या चिठ्ठीपासून जन्मदाखल्यापर्यंत

माझ्या आजीच्या पत्र्याच्या ट्रंकेवर पांढऱ्या रंगात 'चि. द्वारका' असं लिहिलेलं होतं. रेशनकार्डावर ती इंदिरा होती. लग्नात आजोबांनी ताटातल्या तांदळात अंगठीनं नवं नाव लिहिलं आणि द्वारका त्या ट्रंकेपुरती उरली. पुढे तिच्या माहेरच्या जमिनीचा विषय निघाला, तेव्हा द्वारका आणि इंदिरा ही एकच बाई आहे हे पटवून द्यायला प्रतिज्ञापत्र करावं लागलं, माहेरच्या गावचे साक्षीदार आणावे लागले. आजी तेव्हा सत्तरीची होती. मी स्वतःसाठी साक्षीदार का आणायचे, असं तिनं विचारलं होतं आणि आमच्यापैकी कुणालाच त्याचं उत्तर देता आलं नव्हतं.

मी पाच भाच्यांची आत्या आहे आणि 22 वर्षं शाळेत हजेरी घेते आहे. त्यामुळे ओळखीत कुणाला मुलगी झाली की 'एखादं छान नाव सुचव ना' असा फोन येतो. मी लगेच नाव सुचवत नाही. नाव शोधायचं कसं आणि पारखायचं कसं, ते सांगते. आपण नाव निवडतो ते हाक मारायला गोड वाटावं म्हणून. पण आयुष्यभर ते सगळ्यांत जास्त वेळा उच्चारायचं आणि लिहायचं असतं त्या मुलीलाच. नाव तिच्या तोंडी बसलं पाहिजे. खाली जे लिहिते आहे ते सगळं याच एका गोष्टीभोवती फिरतं.

पहिली पायरी: घाई करू नका, कायद्यानं वेळ दिलेला आहे

दवाखान्यातून घरी सोडताना एक अर्ज पुढे येतो, त्यात बाळाच्या नावाची जागा असते. तिथे घाबरून जे सुचेल ते नाव लिहून देणारे आईबाप मी पाहिले आहेत. असं करू नका. जन्माची नोंद 21 दिवसांच्या आत व्हायला हवी हे खरं, पण ती नोंद नावाशिवायही होते. नोंद झाल्यापासून 12 महिन्यांच्या आत नाव घालता येतं, त्याला विलंबशुल्क नाही. त्यानंतरही शुल्क भरून 15 वर्षांपर्यंत नाव घालण्याची सोय आहे. म्हणजे नावाचा रकाना कोरा ठेवणं चूक नाही. अर्धवट विचार केलेलं नाव त्यात भरणं मात्र महागात पडतं, कारण एकदा नोंदलेलं नाव बदलायचं म्हटलं की प्रतिज्ञापत्र, राजपत्रातली प्रसिद्धी आणि मग एकेका कागदामागे धावाधाव सुरू होते.

1 ऑक्टोबर 2023 पासून या दाखल्याचं वजन आणखी वाढलं आहे. त्या दिवसापासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेश, आधार, पासपोर्ट, मतदारयादी, विवाहनोंदणी अशा सगळ्या ठिकाणी जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच धरला जातो. पूर्वी शाळेच्या दाखल्यावर नाव थोडं इकडेतिकडे झालं तरी निभायचं, आता मूळ कागद हाच.

तरी वर्षभर थांबा असं मी म्हणणार नाही. बाळ दोन-तीन महिन्यांचं होईपर्यंत 'छकुली' आणि 'माऊ' चिकटतात ते चिकटतातच. बारशापर्यंत यादी तीन नावांवर आलेली असावी, एवढं पुरे.

दुसरी पायरी: मतं घ्या, पण एकदाच

नावाबद्दल मत नसलेला माणूस आपल्याकडे सापडत नाही. आजीला देवीचं नाव हवं असतं, काकाला आधुनिक, मावशीनं मोबाईलवर चाळीस नावांची यादी पाठवलेली असते. माझ्या दुसऱ्या भाचीच्या वेळी घरात दोन आठवडे रुसवेफुगवे चालले होते. तिसरीच्या वेळी मी एक रीत घालून दिली आणि ती अजून टिकली आहे.

प्रत्येकानं कागदाच्या चिठ्ठीवर दोन नावं लिहायची, खाली स्वतःचं नाव लिहायचं नाही. सगळ्या चिठ्ठ्या आईबापांच्या हाती द्यायच्या. त्यांनी त्यातली हवी ती ठेवायची, नको ती बाजूला करायची, आणि का ते कुणी विचारायचं नाही. दोघांपैकी एकाला जरी नाव खटकलं तरी ते बाद. शेवटच्या दोन-तीन नावांत अडकलात तर आईचा शब्द धरावा असं माझं स्पष्ट मत आहे. नऊ महिने तिनं काढले आहेत. बारशाला कानात नाव सांगायचा मान आत्याचा असतो हे मला ठाऊक आहे, मी तो पाच वेळा घेतला आहे. पण सांगायचा मान म्हणजे ठरवायचा हक्क नव्हे.

शेवटच्या यादीतली नावं बारशाआधी बाहेर सांगू नका. 'अगं, त्या नावाची एक बाई आमच्या ऑफिसात होती' असं एक वाक्य कानावर आलं की चांगलं नाव मनातून उतरतं.

तिसरी पायरी: शोधायचं कुठे

इथे वेळ द्या. मोबाईलवरच्या याद्या सगळ्या एकमेकींवरून उतरवलेल्या असतात. त्यामुळे एकाच वर्षी जन्मलेल्या मुलींची नावंही एकमेकींवरून उतरवल्यासारखी होतात. हजेरीपटात हे लख्ख दिसतं. माझ्या आईच्या पिढीत कुसुम, सुमन, विमल, शालिनी, मालती. माझ्या बरोबरीच्या संगीता, सुनीता, वैशाली, मनीषा. मग प्रियांका, स्नेहल, अश्विनी, सायली. त्यानंतर तन्वी, श्रावणी, समृद्धी. आता अन्वी, स्वरा, मायरा, कियारा. यातलं कुठलंच नाव वाईट नाही. पण वर्गात तीन श्रावणी असल्या की एकीला आडनावाचं अक्षर जोडलं जातं, एक 'छोटी श्रावणी' होते, आणि त्या छोटीला ते दहावीपर्यंत आवडत नसतं.

म्हणून आधी आपल्या घराच्या आसपास शोधा. पणजी, खापरपणजी यांची नावं विचारा. पूर्वी आजीचं नाव नातीला ठेवलं तरी घरात त्या नावानं हाक मारत नसत, कारण सुनेनं सासूचं नाव घ्यायचं नाही अशी रीत होती. म्हणून अशा मुलींना दुसरंच हाकेचं नाव पडायचं आणि खरं नाव झाकलं जायचं. ती अडचण आता राहिलेली नाही. गोदावरीची गोदा, मुक्ताबाईची मुक्ता, जिजाबाईची जिजा, रमाबाईची रमा करून बघा. 'बाई' काढलं की ही नावं आजही नवीकोरी वाटतात. सई हे शिवाजी महाराजांच्या राणीचं, संभाजीराजांच्या आईचं नाव, आणि जुन्या मराठीत सई म्हणजे मैत्रीण. दोन अक्षरांत इतकं सामावलेलं नाव यादी चाळून सहज हाती लागत नाही.

नद्या बघा. महाबळेश्वरच्या पंचगंगेच्या देवळात ज्या पाच नद्यांचा उगम मानतात त्या कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री. पाचही बायकांची नावं. देहू-आळंदीची इंद्रायणी, पंढरपूरची चंद्रभागा, नर्मदेचं रेवा, गोव्याची मांडवी. तुम्ही ज्या नदीचं पाणी पिता तिचं नाव मुलीला देण्यात मला फार अर्थ वाटतो. आपल्या गावाचा एक धागा तिच्याबरोबर जातो, मग ती पुण्यात राहो की न्यू जर्सीत.

फुलं बघा: जुई, सायली, केतकी, अबोली, प्राजक्ता, शेवंती. अबोली सुंदर आहे, पण एक विचार करा. बडबड्या मुलीला जन्मभर त्यावरून ऐकून घ्यावं लागतं आणि शांत मुलीला तर जास्तच. जुन्या विदुषींची नावं बघा: गार्गी, मैत्रेयी, अपाला, लोपामुद्रा. भाषेतले शब्द बघा: ओवी, ऋचा, रचना, ऋजुता.

बौद्ध घरांनी तर नावांतून एक सबंध इतिहास उभा केला आहे. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात डॉ. आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली. त्यानंतर सुजाता, यशोधरा, संघमित्रा, विशाखा, गौतमी, महामाया, करुणा, मैत्री ही नावं घराघरांत आली. ज्या वस्त्यांमधल्या मुलींना पूर्वी दुसऱ्यांनी तुच्छतेनं पाडलेली नावं मिळत, तिथल्या आईबापांनी अशोकाच्या मुलीचं नाव आपल्या मुलीला दिलं. नाव ही किती मोठी गोष्ट आहे हे मला संघमित्रा नावाच्या एका विद्यार्थिनीच्या आजीनं समजावून सांगितलं होतं.

आणि याची दुसरी बाजूही डोळ्यांसमोर असू द्या. सातारा जिल्ह्यात 2011 साली 285 मुलींची नावं एका कार्यक्रमात बदलण्यात आली. त्यांची आधीची नावं नकुशी, नकोशी, नकुसा अशी होती, म्हणजे नको असलेली. नवी नावं मुलींनी स्वतः निवडली होती. मुलाची वाट पाहत असताना झालेल्या मुलीला आजही काही घरांत त्या वाट पाहण्याचं नाव मिळतं, फक्त ते आता संस्कृतात असतं. मुलीच्या नावात दुसऱ्या कुणाची इच्छा लिहू नका.

चौथी पायरी: अर्थ शब्दकोशात बघा

यादीत नावापुढे दिलेला अर्थ हा बहुतेक वेळा 'देवीचं नाव', 'सुंदर', 'प्रकाश' यांपैकी एक असतो. त्यावर विसंबू नका. आरव आणि त्यावरून केलेलं आरवी यांचा अर्थ अनेक ठिकाणी 'शांत' असा छापलेला दिसतो. संस्कृतात आरव म्हणजे आवाज, गलका. अनय म्हणजे अनीती, आणि अनया हे संस्कृतात सर्वनामाचं रूप आहे, अर्थ 'हिने'. रिया हे कानाला गोड नाव, पण अरबीत रिया म्हणजे लोकांना दाखवण्यासाठी केलेली भक्ती, दिखाऊपणा. मृगया म्हणजे शिकार.

अर्थ कळल्यावरही नाव आवडत असेल तर खुशाल ठेवा. रिया नावाच्या कितीतरी गुणी मुली मी शिकवल्या आहेत. पण तिनं आठवीत 'माझ्या नावाचा अर्थ' असा निबंध लिहायला घेतला की तिला खरं उत्तर देता यायला हवं. मराठी शब्दांसाठी मोल्सवर्थचा आणि संस्कृतसाठी आपट्यांचा कोश, दोन्ही इंटरनेटवर फुकट उघडतात. पाच मिनिटांचं काम आहे.

पाचवी पायरी: अक्षर काढायचं की नाही

हा ज्याच्या-त्याच्या श्रद्धेचा भाग, त्यामुळे थोडक्यात सांगते. 27 नक्षत्रं, प्रत्येकाचे चार चरण, म्हणजे 108 चरण, आणि प्रत्येक चरणाला एक अक्षर. रोहिणीला ओ, वा, वी, वू. अश्विनीला चू, चे, चो, ला. हस्ताला पू, ष, ण, ठ. आता ण किंवा ठ वरून मुलीचं नाव कुठून आणणार? म्हणून जुन्या लोकांनी पत्रिकेतलं जन्मनाव वेगळं आणि व्यवहारातलं नाव वेगळं ठेवलं होतं. तीच रीत पाळा. जन्मनाव पत्रिकेत राहू द्या, बारशाला कानात सांगा. शाळेत जाणारं नाव अक्षरात बांधू नका.

अंकशास्त्रासाठी इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक जादा अक्षर घालण्याला मात्र माझा ठाम विरोध आहे. ते अक्षर प्रत्येक अर्जावर, प्रत्येक कारकुनाला, तिला सांगत बसावं लागतं.

सहावी पायरी: नाव आठवडाभर वापरून बघा

तीन नावं उरली की ती भिंतीवर चिकटवा आणि एकेक नाव दोन-दोन दिवस वापरा. काय काय करून बघायचं ते सांगते.

लांबून हाक मारा. गॅलरीतून, अंगणातून. शेवटी आ, ई असा स्वर असला की हाक लांब जाते. रेवाऽ, जुईऽ. कोमल, शीतल, मृणाल ही नावं हाकेत मध्येच ताणावी लागतात.

विभक्ती लावून बघा. हे कुणी करत नाही आणि मराठीत हेच सगळ्यांत महत्त्वाचं आहे, कारण आपण नाव नुसतं कधीच बोलत नाही. 'मृणालला बोलव', 'शीतलला दे' यात ला-ला होतं. 'सुमनने', 'किरणने' म्हणताना जीभ अडते. उलट 'सईचा डबा', 'मुक्ताला सांग', 'ओवीनं केलं' हे सहज येतं. पूर्वी आपण रमेचा, सीतेला, यमुनेनं असं म्हणायचो. आता रमाचा, सीताला म्हणतो. घरात दोन्ही म्हणून बघा, तुमच्या कानाला कोणतं पटतं ते कळेल.

पुढे ताई, काकू, मॅडम, डॉक्टर लावून बघा. बाळाला शोभणारं नाव 50 वर्षांच्या बाईला शोभतं का? टुकटुक वाजणारी नावं इथे गळतात. नाव भारदस्त असेल तर हाकेसाठी लहान रूप आपोआप होतं. तेजस्विनीची तेजू होते, पण कागदावर नुसतं तेजू लिहिलं तर उलटा प्रवास होत नाही.

पूर्ण नाव वाचा. 1 मे 2024 पासून महाराष्ट्रात जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत नाव, मग आईचं नाव, मग वडिलांचं नाव, मग आडनाव असा क्रम आहे. म्हणजे चार शब्द एका दमात. मुलीचं नाव, आईचं नाव आणि आडनाव तिन्ही 'स'वरून असतील तर उच्चारताना घसरतं. लांब आडनावाला लहान नाव, लहान आडनावाला थोडं लांब नाव असं जमवलं की कानाला बरं वाटतं. आईचं नाव आता मुलीच्या नावाला लागून येतं याचा मला व्यक्तिशः फार आनंद आहे. आनंदीबाई जोशी 1886 साली डॉक्टर झाल्या, पण त्यांचं माहेरचं यमुना हे नाव किती जणांना माहीत आहे? निदान यापुढे आईचं नाव मुलीच्या कागदावर राहील.

आणि शेवटची कसोटी आईनं करायची. आरशासमोर उभं राहून, मोठ्यानं: 'मी मुक्ता.' 'माझं नाव रेवा.' मुलीच्या जागी स्वतः उभं राहून. माझ्या वहिनीनं चौथ्या मुलीच्या वेळी असं केलं आणि दोन आठवडे सगळ्यांच्या पसंतीला उतरलेलं नाव तिथल्या तिथे बदललं. ती एवढंच म्हणाली, 'हे नाव सांगताना मला खालच्या आवाजात बोलावंसं वाटलं.'

बहिणीबहिणींची यमक जुळणारी नावं, जाई-जुई, सीता-गीता, ऐकायला लाघवी असतात. पण नावं सारखी, आडनाव एक, पत्ता एक, मग शिष्यवृत्तीपासून लसीकरणाच्या कार्डापर्यंत सगळीकडे गोंधळ होतो. शिवाय दोघी दोन माणसं आहेत.

सातवी पायरी: देवनागरी आणि इंग्रजी, दोन्ही आधी ठरवा

मराठीत शेवटचं इकारान्त अक्षर दीर्घ लिहितात: श्रुती, अदिती, स्मृती, कीर्ती. सुनीतामधली नी दीर्घ आहे. उज्ज्वलामध्ये दोन ज आहेत. नक्षत्राचं नाव कृत्तिका आहे, त्यात त दोनदा येतो. आईबापांना येत नसेल तर शाळेतल्या मराठीच्या शिक्षकांना विचारा, आम्हाला हे सांगायला आवडतं.

इंग्रजीत खरी अडचण ऋ, ज्ञ आणि ळ यांची. ऋचा, ऋतुजा, मृणाल, अमृता यांत आपण 'रु' म्हणतो, म्हणून मराठी घरं 'आर'नंतर 'यू' लिहितात. हिंदी भागात 'रि' म्हणतात आणि तिथे 'आय' लिहितात. प्रज्ञा आपल्याकडे 'प्रद्न्या', उत्तरेत 'प्रग्या'. यातलं काहीही निवडा, पण एकच निवडा आणि ते एका कागदावर लिहून घरात लावून ठेवा. दवाखान्यात एक, आधारवर दुसरं, शाळेत तिसरं असं झालं की पासपोर्टच्या वेळी रडू येतं.

मुलगी परदेशात वाढणार असेल तर तिथल्या तोंडांचाही विचार करावा. मीरा, माया, तारा, लीला, नीना ही नावं आपलीही आहेत आणि बाहेरच्यांनाही सहज म्हणता येतात. पण तेवढ्यासाठी मनात असलेलं मृण्मयी सोडू नका. लोक शिकतात, आणि आपलं नाव नीट कसं म्हणायचं हे दुसऱ्याला न संकोचता सांगणं मुलीही शिकतात.

आठवी पायरी: बारसं आणि त्यानंतरचा सोमवार

बारशाला पाळण्याखालून-वरून 'कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या' झालं, आत्यानं कानात कुर्र केलं, घुगऱ्या वाटल्या, की काम संपलं असं सगळ्यांना वाटतं. पुढचा जो कामाचा दिवस असेल त्या दिवशी बापानं नाव नोंदवायला जावं. ग्रामपंचायत, नगरपालिका किंवा महापालिका, जिथे जन्म नोंदला असेल तिथे. जाताना दोन्ही लिप्यांत, मोठ्या अक्षरांत, टाइप केलेलं नाव न्या. तोंडी सांगू नका. आमच्या एका भाचीचं नाव तोंडी सांगितल्यामुळे एका अक्षरानं चुकलं होतं आणि ते दुरुस्त व्हायला सात महिने गेले.

दाखला हातात आला की तिथेच उभं राहून वाचा. मुलीचं नाव मराठीत, इंग्रजीत. आईचं नाव, वडिलांचं नाव, तारीख. मग त्याच कागदावरून बाल आधार काढा.

माझ्या सगळ्यांत धाकट्या भाचीचं नाव द्वारका आहे. तिच्या आईनं चिठ्ठीतून निवडलं. ती चिठ्ठी माझी नव्हती. तिचा दाखला सध्या आजीच्या ट्रंकेत ठेवला आहे.